एकाच चढाईच्या बातम्या अनेक देशांतून कशा वाचाव्यात

नागपूरच्या वाचकाला एक सोय आयतीच लाभली आहे, तिच्यापासून सुरुवात करू. इथल्या कोणत्याही बऱ्या वाचनालयाच्या टेबलावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली, याच शहरात छापलेली दैनिके शेजारी शेजारी पडलेली असतात. इंग्रजी दैनिक 'हितवाद' तर १९११ मध्ये इथेच सुरू झाला. एकच बातमी तीन भाषांत तीन तऱ्हांनी कशी उतरते हे पाहण्याची सवय ज्याला महालातल्या किंवा धरमपेठेतल्या वाचनालयात लागली, त्याला पाच देशांच्या बातम्या एकमेकींशेजारी मांडून वाचणे जड जात नाही. आमच्या रविवारच्या वाचनगटात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली अधिक असतात, आणि २०२२ च्या फेब्रुवारीपासून आम्ही हेच करत आलो आहोत. पुढे सांगितलेली रीत त्या गटात चुका करत, दुरुस्त करत बसली आहे.

आधी एक दिवस आणि एक घटना ठरवावी. 'युक्रेन युद्धाचे वार्तांकन' असा विषय घेतला तर हाती काही लागत नाही; '२४ फेब्रुवारी २०२२ ची पहिली सकाळ' असा घेतला तर लागते. मग पाच बातम्या निवडाव्यात: चढाई करणाऱ्या देशातली, ज्याच्यावर चढाई झाली त्या देशातली, सीमेला लागून असलेल्या शेजाऱ्याची, दूरच्या एखाद्या देशाची, आणि या सगळ्यांना कच्चा माल पुरवणाऱ्या वृत्तसंस्थेची मूळ बातमी. एका वहीत प्रत्येकीसमोर त्या माध्यमाचा खर्च कोण करतो हे लिहून ठेवावे. मात्र सरकारी पैसा म्हणजे खोटी बातमी आणि खासगी पैसा म्हणजे खरी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अल जझीराला कतारच्या सरकारचा पैसा आहे, आणि तरीही २००३ च्या इराक युद्धात बगदादमधून त्या वाहिनीने जे दाखवले ते अमेरिकेच्या खासगी वाहिन्यांवर फार थोडे दिसले.

एक चूक बहुतेक नवे वाचक करतात. रशियाची बाजू पाहायची म्हणून ते आरटी या रशियन सरकारी वाहिनीची इंग्रजी बातमी उघडतात. ती वाहिनी परदेशी प्रेक्षकांसाठी काढलेली आहे. रशियातल्या घराघरांत जे ऐकू येते ते तिथल्या रशियन भाषेतल्या वाहिन्यांवर. घरासाठीची भाषा आणि पाहुण्यांसाठीची भाषा वेगळी असते, म्हणून शक्य असेल तिथे मूळ भाषेतले पान यंत्राकडून भाषांतरित करून घ्यावे. यंत्र वाक्ये मोडते-तोडते, पण शीर्षकातले मुख्य नाम आणि क्रियापद बहुधा हाती लागते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

घटनेला नाव कोणते दिले आहे?

वहीतला पहिला रकाना नावाचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी 'विशेष लष्करी मोहीम' असे शब्द वापरले आणि दोन दिवसांनी तिथल्या माध्यम-नियामक यंत्रणेने 'युद्ध', 'हल्ला', 'चढाई' हे शब्द वापरू नयेत अशी ताकीद वृत्तमाध्यमांना दिली. २४ फेब्रुवारीलाच चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी 'चढाई' हा शब्द स्वीकारायचे टाळले. कीव्ह, वॉर्सा आणि लंडन इथे मात्र हाच शब्द मथळ्यात होता.

इथे आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबू नये. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्यात जे घडले त्याला मराठी माणूस 'गोवामुक्ती' म्हणतो, आणि शाळेत आपण तेच शिकलो. पोर्तुगालच्या लेखी ती चढाई होती. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक वृत्तपत्रांनीही 'चढाई' असेच छापले. सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या प्रतिनिधीने भारताच्या बळाच्या वापरावर कठोर टीका केली आणि त्या देशांचा ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या डिसेंबरात. माझ्या मते 'मुक्ती' हाच शब्द योग्य आहे, आणि त्याची कारणे मी देऊ शकतो: साडेचारशे वर्षांची वसाहत, सत्याग्रहींवर झालेला गोळीबार, चौदा वर्षांच्या फोल ठरलेल्या वाटाघाटी. पण १९७४ च्या जुलैत सायप्रसमध्ये फौजा उतरवून त्याला 'शांती मोहीम' म्हणणाऱ्या तुर्कस्तानकडेही स्वतःची कारणे होती. म्हणून नावाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना ठेवावा, त्या नावामागे बातमीत कोणती कारणे दिली आहेत याचा. नाव आहे आणि कारण कुठेच नाही, अशी बातमी बाजूला काढावी.

भाषांतरात नाव कसे सरकते याचे आपल्याच घरातले उदाहरण आहे. इराकवरील चढाईबद्दल एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने ठराव केला, त्याच्या हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द होता. इंग्रजीत तो 'कन्डेम' असा न जाता त्याहून सौम्य 'डिप्लोर' म्हणून गेला. एकाच सभागृहाचा एकच ठराव दोन भाषांच्या वाचकांना दोन वेगळ्या तीव्रतेने पोहोचला. नागपुरात हिंदी आणि इंग्रजी दैनिके एकाच टेबलावर वाचणाऱ्याला हा फरक त्याच दिवशी दिसू शकत होता.

कर्ता शोधा

आता पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक वाक्याच्या कर्त्याखाली रेघ ओढावी. 'क्षेपणास्त्र पडले', 'इमारत कोसळली', 'सात जण मृत्युमुखी पडले' या तिन्ही वाक्यांत मारणारा नाही. 'रशियन क्षेपणास्त्राने इमारत पाडली, सात जण ठार' यात तो आहे. मराठीत मृत्यूसाठी जितके शब्द आहेत तितकीच त्यांत न बोलता केलेली निवड आहे: आपला सैनिक हुतात्मा होतो, दुसऱ्याचा ठार होतो, शत्रूला कंठस्नान घातले जाते आणि सामान्य माणूस प्राणास मुकतो. मागे आमच्या गटातल्या एका मुलीने एकाच दैनिकाची एका आठवड्याची कात्रणे लावून दाखवले की एका बाजूच्या मृतांची वये आणि गावे छापली होती, दुसऱ्या बाजूचा फक्त आकडा होता. तिने पेन्सिलीने केवळ वयांना गोल केले होते. पान लांबून पाहिले तरी गोल कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते कळत होते.

बातमीदार कुठे उभा होता?

मला विचाराल तर सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नाला द्यावा. मतापेक्षा जागा अधिक सांगते. २००३ मध्ये अमेरिकेने शेकडो पत्रकारांना आपल्या तुकड्यांबरोबर नेले. ते सैनिकांबरोबर जेवत, झोपत आणि त्यांच्याच गाड्यांतून जात, त्यामुळे त्यांनी पाठवलेले चित्र खोटे नव्हते, पण ते रणगाड्यातून दिसणारे चित्र होते. बगदादमध्ये थांबलेल्या पत्रकारांना बॉम्ब जिथे पडत ती बाजू दिसत होती. ८ एप्रिलला अमेरिकी हल्ल्यात अल जझीराच्या कार्यालयातला बातमीदार मारला गेला, आणि त्याच दिवशी परदेशी पत्रकार राहत असलेल्या पॅलेस्टाइन हॉटेलवर रणगाड्याचा गोळा येऊन आणखी दोन पत्रकार गेले.

दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, त्याच हॉटेलसमोरच्या फिरदोस चौकात सद्दाम हुसेनचा पुतळा पाडला गेला. कॅमेरे तिथे होते कारण पत्रकार तिथे राहत होते. जवळून घेतलेल्या दृश्यांत चौक गर्दीने भरलेला वाटतो. दूरून घेतलेल्या दृश्यांत बराचसा चौक मोकळा आहे आणि पुतळा ओढणारे वाहन अमेरिकी लष्कराचे आहे. कोणत्या देशाच्या वाहिनीने कोणती चौकट किती वेळ दाखवली, हे पाहणे म्हणजेच तुलना.

आपल्या मराठी दैनिकांत या प्रश्नाचे उत्तर बातमीच्या तोंडाशीच असते. 'वृत्तसंस्था, कीव्ह' असे लिहिलेले असेल तर विचारावे की कोणती संस्था. रॉयटर्स, एपी, एएफपी की रशियाची 'तास'? बहुतेक वेळा नाव गाळलेले असते, पण त्यातली दोन सलग वाक्ये इंग्रजीत शोधली तर मूळ बातमी सापडते आणि आपल्याकडे तिचे कोणते परिच्छेद कापले गेले तेही दिसते. दिल्लीत बसून लिहिलेल्या बातमीवर कीव्हचे नाव असेल, तर तेही वहीत नोंदवावे.

जे छापता येत नाही

एखादी गोष्ट एखाद्या देशातल्या बातमीत नाही, याचा अर्थ तिथल्या पत्रकाराला ती मान्य नाही असा होत नाही. ४ मार्च २०२२ ला रशियात झालेल्या कायद्याने सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवण्यास १५ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. ज्यांच्या संपादकांना आदल्याच वर्षी नोबेल शांतता पुरस्कार मिळाला होता, त्या 'नोवाया गझेता'ने २८ मार्चला प्रकाशन थांबवले. युक्रेनमध्येही मुख्य वाहिन्यांनी एकत्रित प्रसारण सुरू केले, आणि युरोपीय संघाने आरटी व स्पुटनिक या रशियन सरकारी माध्यमांवर बंदी घातली. या तिन्ही गोष्टी सारख्या नाहीत, कैदेची भीती वेगळी आणि प्रसारणाची बंदी वेगळी, पण वाचताना तिन्ही माहीत हव्यात.

आपल्याकडची पोकळी निराळ्या प्रकारची होती. त्या पहिल्या आठवड्यात आपली पाने युक्रेनमधल्या भारतीयांना परत आणणाऱ्या 'ऑपरेशन गंगा'ने आणि अडकलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी भरली होती. ज्या घरची मुले तळघरांत बसली होती त्यांच्यासाठी तीच बातमी होती, आणि तिच्यात गैर काही नव्हते. पण २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाने फौजा मागे घ्याव्यात या ठरावाच्या बाजूने १४१ देशांनी मत दिले, ५ विरोधात गेले, आणि तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता, यामागची कारणमीमांसा त्या गर्दीत मागे पडली.

मधले सत्य नसते

पाच बातम्या वाचून त्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. कीव्हजवळच्या बुचा इथल्या रस्त्यांवरचे मृतदेह एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला जगासमोर आले, तेव्हा रशियाने ते आपल्या फौजा गेल्यानंतर रचलेले दृश्य असल्याचे सांगितले. उपग्रहाच्या छायाचित्रांत तेच मृतदेह त्याच जागी, रशियन फौजा गावात असतानाच, मार्चमध्ये दिसत होते. इथे 'दोन्ही बाजू आपापले सांगतात' असे लिहिणारी बातमी समतोल नव्हती, अपुरी होती.

दुसरीकडे, ज्याच्या बाजूने आपले मन आहे त्याच्याही बातमीला वेळ द्यावा लागतो. काळ्या समुद्रातल्या सर्प बेटावरचे १३ युक्रेनी सैनिक मारले गेल्याची घोषणा कीव्हमधून झाली, ती मी गटात गहिवरून वाचून दाखवली होती. चार दिवसांनी युक्रेनच्याच नौदलाने ते जिवंत असून कैदेत असल्याचे कळवले. पुढच्या रविवारी मी ते उभे राहून सांगितले, आणि त्या दिवसापासून आमच्या वहीत शेवटचा रकाना आला: 'नंतर काय कळले'. तो त्या दिवशी कोराच ठेवायचा, आणि आठ दिवसांनी व महिन्याने, अशा दोन तारखा त्यात आधीच लिहून ठेवायच्या.

१५ नोव्हेंबर २०२२ च्या पानावर आमच्याकडे पहिली नोंद आहे ती एपीच्या बातमीची. रशियन क्षेपणास्त्रे पोलंडमध्ये पडून दोन जण ठार, आणि हवाला एका ज्येष्ठ अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याचा, नावाविना. त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिले आहे: एपीने बातमी मागे घेतली, क्षेपणास्त्र बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचे, असे दुसऱ्याच दिवशी नाटोच्या प्रमुखांनी सांगितले.