झेब्रा लोच पाळताय? या चुका टाळा

झेब्रा लोच (बोटिया स्ट्रायटा) हा अंगभर पट्टे असलेला बोटभर मासा कृष्णा खोऱ्यातल्या सह्याद्रीच्या नद्यांचा. १९२० साली प्राणीशास्त्रज्ञ नारायण राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. आज आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना) यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याला गोट्यांमधून वाहणारं स्वच्छ पाणी लागतं. वाळूउपसा झाला किंवा गाळ बसला की नदीत त्याला लपायलाच जागा उरत नाही. टाकीतल्या बहुतेक तक्रारीही तळ आणि पाणी चुकल्यानेच सुरू होतात.

गोगलगायी संपवायला म्हणून एकच मासा आणतात, ही पहिली चूक. हा कळपातला मासा आहे, एकटा पडला की दिवसभर दडून बसतो. निदान सहा हवेत, आणि त्यांना किमान तीन फुटी टाकी. धारदार खडीने मिशा झिजतात, म्हणून तळाला बारीक वाळू आणि गुळगुळीत गोटे घाला. गोटे विकत घ्या, नदीतून उचलू नका. नव्या टाकीत मासा लगेच सोडू नका. फिल्टर मुरायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषं) शून्य आल्यावरच मासे आणा. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

पकडताना जाळं वापरू नका. डोळ्याखाली मिटणारा काटा असतो. मासा घाबरला की हा काटा उभा राहतो आणि जाळीत अडकतो. ओढलं तर जखम होते. प्लास्टिकच्या डब्यात हाकून घ्या.

औषधाच्या चुकीनेही मासे जातात. अंगावर साखरेच्या कणांसारखे ठिपके (हा एका परजीवीचा रोग) दिसले की लोक मॅलाकाइट ग्रीन या औषधाचा पूर्ण डोस टाकतात. याचे खवले अगदी बारीक, त्यामुळे तो सोसत नाही. अर्ध्या डोसने सुरुवात करा, फिल्टरमधला कोळसा काढा (तो औषध शोषून घेतो) आणि तापमान दोन दिवसांत हळूहळू २९-३० अंशांवर न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप चालू हवाच. ठिपके गेले म्हणून उपचार थांबवू नका. परजीवीची पिल्लं पाण्यात असतात. आणखी काही दिवस चालू ठेवा.

खाऊनही डोक्यामागची पाठ खोल जात असेल, तर पोटातल्या जंतांचा संशय घ्या आणि तो मासा वेगळा ठेवा.

घरच्या टाकीत हा सहसा वीत नाही, म्हणून ‘जोडी’च्या नावाखाली जादा पैसे देऊ नका. मासा नदीतून धरलेला की हॅचरीतला, हे दुकानदाराला विचारा. नदीतला असेल तर घेऊ नका. पाळणं जमत नसेल तर दुसऱ्या जाणकाराकडे द्या. ओढ्यात किंवा नदीत सोडलात तर टाकीतले रोग तिथल्या माशांपर्यंत पोचतात.