मोठी व्हॅन चालवताय? ब्रिटनमधल्या सल्ल्याच्या पाट्या आधी समजून घ्या

नांदेड, लातूर, बीड, जालन्याकडून आलेल्या पोरांना डाव्या बाजूने चालवायची सवय असतेच, म्हणून मोठी व्हॅन हाती आली की सगळं जमलं असं वाटतं. अडतं ते पाट्यांवर. लाल कडेची गोल पाटी म्हणजे हुकूम, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे इशारा, चौकोनी पाटी म्हणजे माहिती किंवा सल्ला. सल्ला मोडला म्हणून थेट दंड होत नाही, एवढंच धरून आपलेच जुने लोक व्हॉट्सॲपवर नव्यांना 'जा बिनधास्त' म्हणतात. त्यांचं ऐकू नका. अपघात झाला, तर इशारा दिसूनही वेग कमी केला नाही हीच गोष्ट निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

आधी वेग, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच फसतात. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी असली की राष्ट्रीय वेगमर्यादा लागू. मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ती कारला 60 मैल, पण व्हॅनला 50. दुभाजक असलेल्या रस्त्यावर कारला 70, व्हॅनला 60. मोटरवेवर मात्र दोघांना 70. कारच्याच सांगाड्यावर बांधलेली आणि भरून 2 टनांच्या आत बसणारी छोटी व्हॅन तेवढी कारमध्ये धरतात. पाटीवर आकडा नसतो, आणि नेव्हिगेशन कारचा आकडा दाखवतं. पुढची कार 60 ने जातेय म्हणून तिच्या मागे लागू नका. 50, दुभाजक नसेल तर 50. मर्यादा मोडली तर किमान 100 पौंड दंड आणि लायसनवर 3 पॉइंट, म्हणजे गुन्ह्याचे गुण. इथे परीक्षा पास होऊन 2 वर्षं व्हायच्या आत 6 पॉइंट झाले, तर लायसनच रद्द होतं.

वळणाच्या त्रिकोणाखाली छोट्या पाटीवर 'मॅक्स स्पीड 30' दिसतं. हा सल्ला, हुकूम नाही. पण उंच छताची भरलेली व्हॅन वळणावर कारपेक्षा जास्त कलते आणि सामान सरकतं, म्हणून तो आकडा वळणात शिरायच्या आधीच गाठा. वळणात ब्रेक दाबत बसू नका. मोटरवेवर कमानीवरच्या आकड्याभोवती लाल कडं असेल तर ती सक्तीची मर्यादा. कडं नसेल तर सल्ला, पण पुढे काहीतरी झालंय म्हणूनच तो दिलेला असतो. लाल फुली म्हणजे ती लेन बंद, तिथे सल्ल्याचा प्रश्नच नाही.

'अनसुटेबल फॉर' (म्हणजे अमुक गाडीला योग्य नाही) ने सुरू होणारी पाटी रस्त्याच्या तोंडाशीच असते, कारण पुढे वळवायला जागा नसते. पाटीवर एचजीव्ही, म्हणजे 3.5 टनांच्या वरची मालवाहू गाडी, लिहिलंय आणि आपली व्हॅन 3.5 टनांची आहे, म्हणजे ती आपल्यासाठी नाही असं समजून पोरं आत शिरतात. कायद्याने चूक नाही, पण दोन्हीकडे दगडी भिंती आणि समोरून ट्रॅक्टर आला की मैलभर रिव्हर्स घ्यावा लागू शकतो. दुसरा रस्ता असेल तर तो धरा.

रुंदीत आरशांचा विचार करा. पाटीवरच्या रुंदीत आरसे धरत नाहीत, खांब मात्र आरसे सोडत नाहीत. लंडनकडे बऱ्याच ठिकाणी एकमेकांपासून 6 फूट 6 इंचांवर खांब असतात, म्हणजे 1.98 मीटर; मोठ्या व्हॅनची नुसती बॉडीच साधारण 2 ते 2.1 मीटर असते.

उंची फूट-इंच आणि मीटर दोन्हीत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. 3 मीटरच्या वर असेल तर केबिनमध्ये उंचीची सूचना लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि डबा बसवलेली ल्यूटन व्हॅन सहज 3 च्या वर जाते. कमानीच्या पुलावर त्रिकोणात उंची असते. ती कमानीच्या मधल्या भागाची, कडेची नाही, तेव्हा समोरचं वाहन जाऊ द्या आणि मधून काढा. भाड्याच्या व्हॅनच्या अनेक करारांत छताचं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. सही करायच्या आधी तेवढं कलम वाचा.

उताराच्या त्रिकोणात 10% म्हणजे 10 मीटरला 1 मीटर उतार. 20% दिसलं तर माथ्यावरच खालचा गिअर टाका. कन्नडचा औट्रम घाट उतरलेल्याला वेगळं सांगायला नको: ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. वाऱ्याच्या पिशवीचं चित्र दिसलं की आडवा वारा; रिकामी व्हॅन भरलेलीपेक्षा जास्त ढकलली जाते. 'रिस्क ऑफ ग्राउंडिंग' म्हणजे उंचवट्यावर लांब व्हॅनचं पोट टेकू शकतं.

एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर 'पासिंग प्लेस', म्हणजे समोरच्याला वाट द्यायची जागा, डावीकडे असेल तरच आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, समोरचा तिच्यात वळेल. तिथे गाडी लावून डबा खायला बसू नका.

भारतीय लायसन इथे राहायला आल्यापासून 12 महिनेच चालतं. स्टुडंट व्हिसावर स्वतःच्या नावाने डिलिव्हरीचा धंदा करता येत नाही, कोणीही काहीही सांगो.