कडूस पडल्यावरचा ट्राउट आणि पाकोळ्या

बेळगाव-खानापूरकडून हिमाचलातील तीर्थन नदीवर ट्राउट माशाच्या गळाला जाणाऱ्याने एक सवय घरूनच लावून घ्यावी. कडूस पडून, म्हणजे तिन्हीसांज होऊन, पाकोळ्या (लहान वटवाघळे) बाहेर आल्या की माशी हवेत फिरवायची नाही, ती पाण्यातच ठेवायची. माशी म्हणजे गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. आपल्या मलप्रभा नदीत ट्राउट नाही, कारण त्याला साधारण २० अंशांखालचे, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. परंतु सराव तळ्यातल्या चिलापीवर उत्तम होतो, आणि पाकोळ्यांची तर आपल्याकडे कमतरता नाही. तळ्यावर जाण्यापूर्वी मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे असेल त्याला विचारावे, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गळ नेऊच नये. तीर्थनवर मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते.

साध्या गळात शिशाचे किंवा आमिषाचे वजन तंगूस (नायलॉनचा दोरा) ओढून नेते. येथे माशीला वजनच नसते. वजन असते ते जाड लाइनला, आणि ती लाइन पुढे फेकण्यासाठी आधी पाठीमागे उलगडावी लागते. त्यामुळे प्रत्येक फेकीत माशी आपल्या डोक्यामागे दहा-पंधरा फूट उंचीवरून जाते, आणि तिन्हीसांजेला पाकोळ्यांचा चरण्याचा थरही नेमका तोच असतो. अंधारात पाकोळी स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य ओळखते, आणि पंखाने किंवा शेपटीकडच्या पडद्याने ते ओढून तोंडात घेते. माशी हलते, आकाराने किड्याएवढी असते, म्हणून ती तपासायला पाकोळी येणारच. बहुतेक वेळा ती शेवटच्या क्षणी वळते; अडकते ती माशीपेक्षा तंगुसात, कारण बारीक तंगूस तिला उशिरा कळत असावा असा माझा अंदाज आहे.

सामानाचा फार बाऊ करू नये. ९ फुटी रॉड, ५ नंबरची लाइन आणि रॉडएवढाच लांब लीडर (लाइन आणि माशी यांना जोडणारा तंगूस) पुरतो. दिवसा टोकाला ०.१५ मिलिमीटरचा तंगूस लावत असाल तर संध्याकाळी ०.१८ चा लावावा, म्हणजे अंधारात गाठ तुटत नाही. गळाची आतली काटेरी टोच मात्र पक्कडीने दाबून सपाट करावीच. मासा निसटेल ही भीती व्यर्थ आहे, लाइन ताणलेली ठेवली की तो निसटत नाही.

सूर्य डोंगराआड गेल्यावर पाण्यावर उठणारी वर्तुळे नीट पाहावीत. सावकाश, आवाज न करता उमटणारे वर्तुळ म्हणजे ट्राउट अंडी घालून पाण्यावर पडलेले मेफ्लाय किडे टिपत आहे. छपकन पाणी उडाले तर तो बहुधा वर उडू पाहणाऱ्या कॅडिस किड्याच्या मागे आहे. पहिल्या प्रकारात माशी प्रवाहाबरोबर निर्जीवपणे वाहू द्यावी, दुसऱ्यात तिला मधूनमधून हलकी ओढ द्यावी. उजेड असेतो नेहमीची फेक चालते. पहिली पाकोळी दिसली की मात्र पद्धत बदलावी.

तेव्हा उपयोगी पडते ती रोल कास्ट. रॉड सावकाश उचलून लाइन पाण्यावरून आपल्याकडे सरकवत आणावी. रॉडचे टोक खांद्याच्या किंचित मागे आले की क्षणभर थांबावे. आता लाइनचा झोल रॉडमागे लोंबतो आणि पुढचे टोक अजून पाण्याला चिकटलेले असते. मग खिळा ठोकल्यासारखा पुढे झटका देऊन रॉड उंचावर थांबवावा, म्हणजे लाइन पाण्यावर गुंडाळी उलगडत जाते आणि माशी आपल्या पाठीमागे जातच नाही. पल्ला २०-२५ फुटांचा मिळतो, आणि अंधारात ट्राउट काठाशी येत असल्याने तो पुरतो. शिवाय बुडणारी माशी तिरकी खालच्या बाजूला टाकून प्रवाहाने फिरू दिली, तर ती दिसण्याचीही गरज राहत नाही. ओढ बोटांना कळते.

मी हे शिकलो ते खानापूरजवळच्या असोग्याच्या वरच्या डोहावर, फुकट नव्हे. मागे जाणारी लाइन अचानक आडवी ताणली आणि पाकोळी तंगुसासह पाण्यात पडली. ती पंखांनी वल्हवत काठाला लागली, आणि मी घाईने उघड्या हाताने तिला धरले. बोटाला दात जेमतेम खरचटला, तरी रेबीजच्या लसीसाठी महिनाभर दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागल्या. जखम लहान दिसते म्हणून सोडायची नाही: साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

अडकलीच तर रीळ फिरवू नये, लाइन सैल सोडावी. जाड हातमोजे घालून पाकोळीवर पंचा टाकावा, अडकलेला पंख तेवढा उघडा ठेवावा आणि तंगूस गळाजवळ कापावा. सपाट केलेला गळ आला त्याच वाटेने परत निघतो. खेचल्यास पंखाचा पडदा फाटतो. मग तिला खडबडीत सालीच्या झाडाला, हाताला येईल तितक्या उंचीवर चिकटवून दूर व्हावे, कारण अनेक जातींना जमिनीवरून उड्डाण घेणे कठीण जाते. पंख मोडला असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वनविभागाला कळवावे. खानापूर तालुक्यात तर हे विशेष जपले पाहिजे: तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून १९१२ साली मिळालेले आणि १९१३ साली शास्त्रीय नाव लाभलेले रॉटनचे वटवाघूळ पुढे कित्येक वर्षे जगात दुसरीकडे आढळलेच नव्हते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

परतताना माशी रॉडच्या कडीत अडकवून लाइन ताणून घ्यावी. बॅटरी कपाळावर न बांधता हातात, पायांपुरती धरावी; कपाळावरच्या उजेडाला किडे जमतात, आणि त्यांच्या मागोमाग पाकोळ्या थेट तोंडासमोर येतात.