घरातल्या राउटरला वायरने उपकरणं कशी जोडावीत

राउटरच्या मागे एक पोर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा, बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. तो वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचा. मोडेममधून येणारी केबल त्यातच लावा. कॉम्प्युटर, टीव्ही, प्रिंटर उरलेल्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टांत.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ची, शुद्ध तांब्याची घ्या. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा (१००० एमबीपीएस) वेग त्यावर आरामात मिळतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त असली तरी वाकवताना आतून तुटते, तिच्या वाटेला जाऊच नका.

आता ब्राउझरमध्ये राउटरच्या लेबलवरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. आधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. मग वॅनच्या पानावर जोडणीचा प्रकार निवडा: इंटरनेट कंपनीने युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर बहुधा पीपीपीओई, नाहीतर डायनॅमिक आयपी (आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, इथे तो आपोआप मिळतो). मोडेमचा पत्ताही राउटरसारखाच असेल तर दोघांची टक्कर होते. अशा वेळी राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करून टाका.

प्रिंटरचा पत्ता कायम एकच हवा असेल तर तो प्रिंटरमध्ये हाताने भरू नका. राउटरमध्ये डीएचसीपीच्या (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) पानावर त्याच्या मॅक पत्त्यापुढे (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आयपी राखून ठेवा, म्हणजे तोच आयपी दुसऱ्या उपकरणाला जाणार नाही.

सगळ्यात फसवी अडचण वेगाची. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, आणि वायरवर ९५च्या वर काही जात नाही. लोक कंपनीला फोन करतात, पण दोष बहुधा केबलमध्ये असतो. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच (पिन १, २, ३ आणि ६). उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार सुटली की दोन्ही टोकांची उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, म्हणून शंकाही येत नाही. आधी केबल बदलून पाहा. तरीही वेग तेवढाच असेल तर पोर्टच १०० एमबीपीएसचे आहेत का ते तपासा. जुन्या आणि स्वस्त राउटरांत ते तसेच असतात.

कॉम्प्युटरला १६९.२५४ने सुरू होणारा आयपी दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही: केबल काढून घट्ट बसवा, डीएचसीपी चालू आहे ना ते बघा.

पोर्ट कमी पडले तर साधा नेटवर्क स्विच (जादा लॅन पोर्ट देणारी पेटी) लावा. त्यात सेटिंग काहीच नसतं. स्विचऐवजी जुना राउटर वापरायचा असेल तर आधी त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या आणि केबल लॅनमधून लॅनमध्येच जोडा. दोघांत एकच केबल हवी. दुसरी लावली तर लूप होऊन (डेटा गोल गोल फिरत राहून) घरभराचं नेटवर्क ठप्प होऊ शकतं.