जैन मित्र जेवायला येणार असेल तर काय करायचं

कांदा-लसूण नाही घातला की झालं जैन जेवण, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, पण तेवढ्यावर भागत नाही. लिस्ट पाठ करायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक नियमामागचा प्रश्न एकच असतो, यात जीव किती जातायत? माती, पाणी, अग्नी, हवा, झाडं सगळ्यांत जीव आहे असं जैन मानतात, फक्त स्पर्श कळणारा, एका इंद्रियाचा. साधूंची महाव्रतं कडक असतात पण संसारी माणसाला एवढं कुठं जमणार, म्हणून त्याच्यासाठी अणुव्रतं, म्हणजे जमेल तितकी हिंसा कमी करायची.

बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण म्हणूनच बंद, कारण कंदात अनंत जीव मानतात आणि उपटला की अख्खं झाडच जातं. आलं आणि ओली हळद नाही, पण सुंठ आणि हळद पावडर बहुतेकांना चालते. बटाट्याच्या जागी कच्ची केळी घ्या, पावभाजीत तर कळत पण नाही. मध अजिबात नाही, गूळ घाला. आणि हो, कडक पाळणाऱ्यांना मोड आलेली मटकी पण चालत नाही, म्हणजे उसळ-मिसळ बाद (आपल्याला हेच जास्त लागतं). कडधान्य आणि कच्चं दही एकत्र आलं की त्याला द्विदल म्हणतात, तेही चालत नाही, म्हणून दहीवडा नको, आणि कढी करायची तर आधी दही-ताक नीट गरम करून मग बेसन लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. बोलवायच्या आधी विचारा, चोविहार करता का? करत असतील तर सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीसुद्धा नाही. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ताट पाच-सव्वापाचला वाढलेलं पाहिजे, ऑफिस सुटून कोण येणार त्या वेळेला, सरळ दुपारचंच ठरवा. सकाळी बोलवलंत तर नवकारशीवाले सूर्योदयानंतर 48 मिनिटं काही घेत नाहीत. पाणी गाळून ठेवा, काही जण उकळलेलंच पितात, तेही विचारून घ्या.

गणपतीत बोलवताना जास्त सांभाळा. जैनांचे श्वेतांबर आणि दिगंबर असे दोन पंथ, श्वेतांबरांचं 8 दिवसांचं पर्युषण, म्हणजे व्रत-उपवासाचं पर्व, गणेश चतुर्थीच्या आसपास संपतं आणि दिगंबरांचं तसंच पर्व, दशलक्षण, ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. पर्युषणात बरेच श्वेतांबर हिरवी भाजी बंद ठेवतात, कोथिंबीरसुद्धा, मग वरण, सुकी कडधान्यं, पापड असं काहीतरी करा. कुणी म्हणालं आज उपवास आहे तर साबुदाणा भिजवायला धावू नका, त्यांचा उपवास म्हणजे दिवसा फक्त उकळलेलं पाणी, नाहीतर तेही नाही! एकासणं असेल तर दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवतात, आणि आयंबिल असेल तर तेल, तूप, दूध, गूळ-साखर काहीच नाही, तेव्हा तुमच्या पुरणपोळीचा आग्रह करू नका.

जैन म्हणजे गुजराती-मारवाडी हे पण डोक्यातून काढा. कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे दिगंबर जैन शेतकरी आहेत. आणि एकाच घरात आजी चोविहार करते, नातू रात्री दहाला पिझ्झा खातो असंही असतं, म्हणून "जैन असून हे खाता?" असं चुकूनही विचारू नका, कोण किती पाळतो ते ज्याचं त्याने ठरवायचं.

वाढताना थोडं थोडं वाढा. ताटात टाकलेल्या ओल्या अन्नात थोड्या वेळाने जीव तयार होतात असं मानतात, म्हणून काही जण जेवून झालं की ताट पाण्याने धुऊन तेच पाणी पितात. कुणी तसं केलं तर दचकू नका, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा म्हणजे झालं.