बारशाची वाट बघू नका : मे महिन्यातल्या वादळांबद्दल कोकणातल्या बागायतदारांना

मे अर्ध्यावर आलेला असतो. कलमांवर शेवटचा आंबा लटकतोय, खळ्यात आमसुलं वाळताहेत, गवताची उडवी रचायची राहिली आहे. अशात मोबाइलवर एक ओळ येते : "आग्नेय अरबी समुद्र व लगतच्या लक्षद्वीप परिसरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होण्याची शक्यता." ही ओळ वाचून आपल्याकडे कोणी जागचं हलत नाही. लक्षद्वीप कुठे, देवगड कुठे! दोन दिवसांनी वादळाचं नाव पडतं, टीव्हीवर रंगीत भोवरा फिरायला लागतो आणि अख्खी वाडी एकाच वेळी झेला (आंबा उतरवायची जाळीची काठी) शोधायला निघते. तोवर गडी मिळत नाहीत, पेट्या संपलेल्या असतात आणि टेम्पोवाला फोन उचलत नाही.

इतकी वर्षं बागा बघतोय. वादळात नुकसान होणारच, ते कोणाच्या हातात नाही. पण ज्यांचं दुप्पट झालं, त्यातल्या बहुतेकांची चूक एकच होती. ते वादळाच्या बारशाची वाट बघत बसले होते.

नाव कधी पडतं ते आधी समजून घ्या. हवामान खात्याच्या हिशेबात वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर ते डिप्रेशन. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते तेव्हाच. म्हणजे ताशी साठाचा वारा आणि सोबत धो धो पाऊस आला, तरी त्याला नाव नसू शकतं. चौदा आणे झालेला, म्हणजे सोळा आण्यांपैकी चौदा आणे तयार हापूस देठ सोडायला साठ लागत नाहीत. माझ्या अंदाजाने चाळीस-पंचेचाळीसचे झोत घटकाभर लागले की शेंड्याचा माल खाली. हा आकडा पुस्तकातला नाही, झाडाखाली उभं राहून धरलेला आहे.

आता तारखा बघा. निसर्ग वादळाचा कमी दाब ३१ मे २०२० ला लक्षद्वीपच्या बाजूला तयार झाला. १ जूनच्या पहाटे डिप्रेशन, २ जूनला दुपारी नाव, आणि ३ जूनला दुपारी ते श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलंसुद्धा. नाव पडल्यापासून आदळेपर्यंत जेमतेम चोवीस तास. चोवीस तासांत कोणाची बाग आवरून होते? श्रीवर्धन-मुरुडच्या सुपारीच्या आगरांत तेव्हा उंच पोफळी एकमेकींवर पडत गेल्या. एक मोडली की शेजारच्या दोन घेऊन जायची.

तौक्तेचंही तेच. १४ मे २०२१ ला सकाळी लक्षद्वीपच्या भागात डिप्रेशन, त्याच रात्री नाव, १६ तारखेला ते गोवा आणि सिंधुदुर्गाच्या समोर. किनाऱ्यावर चढलं १७ च्या रात्री, तेही पार गुजरातेत उन्याजवळ. आपल्या किनाऱ्याला ते टेकलंच नाही, समोरून निघून गेलं. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. १४ तारीख शुक्रवार होती. आमच्या शेजारच्या बागायतदाराने शुक्रवारी सकाळी बातमी वाचली आणि मला म्हणाला, "भाऊ, अजून नाव पण नाय पडलेला, सोमवारी बघू." रविवारी संध्याकाळी त्याचा आंबा व्हाळातून (ओढ्यातून) वाहत आमच्या साकवाला येऊन अडकला होता. काही फळांचे देठ अजून हिरवे होते.

आणि २०२५ च्या मेमध्ये तर बारसं झालंच नाही. डिप्रेशन ते डिप्रेशनच राहिलं आणि २४ मे रोजी रत्नागिरी ते दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आलं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात मान्सून दाखल झाल्याची घोषणा झाली. नाव पडण्याची वाट बघणारे त्या वर्षी अजून वाटच बघताहेत.

लक्षद्वीपवर लक्ष का ठेवायचं

मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथलं पाणी तापलेलं असतं. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर आणि वरच्या थरातला वारा शांत, हे दोन्ही जुळलं की भोवरा धरतो. ऐन पावसाळ्यात वरचे वारे इतके जोराचे असतात की त्याचा माथाच उडवून देतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ही भीती कमी. लक्षद्वीपची बेटं ३६, वस्ती त्यातल्या १० वर. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, आणि शेती म्हणाल तर माड. मिनिकॉय, अमिनी, अगत्ती इथे हवामान खात्याची केंद्रं आहेत. मोकळ्या समुद्रात जमिनीवरून मोजलेला हवेचा दाब आणि वारा मिळण्याच्या या मोजक्याच जागा. बाकी सगळं उपग्रहावर.

बेटांवरल्या माणसाला तर नावाची वाट बघून चालतच नाही. वादळ त्याच्या अंगणातच जन्मतं. २०१७ चं ओखी ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या जवळ वादळ बनलं आणि लगेच बेटांवर गेलं. आपल्याला त्यानंतर दोन-तीन दिवस मिळतात. ही त्यांच्या जिवावरची वर्दी आहे, ती फुकट घालवू नये.

बातमीत तीन गोष्टी बघा. एक, डिप्रेशन होण्याची शक्यता : कमी, मध्यम की जास्त. लक्षद्वीपच्या भागात 'मध्यम' दिसलं की माझ्या बागेत काम सुरू. दोन, दिशा. उत्तर किंवा उत्तर-वायव्य लिहिलं असेल तर आपल्या किनाऱ्याला समांतर येणार असं धरून चाला. तीन, नकाशावरचा तो फुगत जाणारा शंकू. लोक मधली रेघ बघतात आणि "मालवणात नाही, वेंगुर्ल्यात आहे" म्हणून निर्धास्त होतात. रेघ बघायचीच नाही, शंकू बघायचा. तोसुद्धा वादळाचं केंद्र कुठे जाईल एवढंच सांगतो, पाऊस आणि वारा त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत पोचतात.

खात्याचे इशारे टप्प्याने येतात : ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तासांना पिवळा, २४ ला नारिंगी, १२ ला लाल. ओडिशाच्या माणसाला हे टप्पे सावकाश मिळतात, कारण त्याचं वादळ बरेचदा लांबून चालत येतं. आपलं शेजारीच धरतं. नारिंगी आला की झाडावर माणूस चढवायचा नाही, हा माझा नियम. म्हणजे सगळं त्याच्या आत.

कृषी हवामान सल्ल्याची पत्रिका मंगळवार-शुक्रवारी येते. ती वाचाच, पण शुक्रवारच्या पत्रिकेवर रविवार काढू नका.

पहिली ओळ आली की पहिलं काम : आंबा उतरवा

चौदा आणे झालेला सगळा माल काढा. वाशीच्या बाजारातला भाव दोन दिवसांनी चढेल की उतरेल याचा विचार तेव्हा करायचा नाही. वादळाआधी सगळ्यांचाच माल एकदम जातो, भाव पडतो, हे खरं आहे. पण पडलेल्या भावाचा आंबा आणि पडलेला आंबा यात फरक आहे. बारा आणे मालापैकी दर्याकडच्या अंगाचा आणि शेंड्याचा कॅनिंगला किंवा लोणच्याला काढून घ्या. आतल्या फांद्यांवरचा राहू द्या, त्यातला बराच टिकतो. सकाळी उन्हं चढायच्या आत, झेल्यानेच, देठ ठेवून. घाईत काठीने पाडलेला आंबा पेटीत चार दिवसांत काळा पडतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो.

या घाईच्या दिवसांत दुकानदार एक बाटली पुढे करतो. "वादळात फळ धरून ठेवतं." कसलं टॉनिक, कसलं संजीवक, लिटरला किती पैसे ते तुम्हीच बघा. फळगळीसाठी एनएए हे संजीवक २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) ही शिफारस फळ वाटाण्याएवढं असतानाची. मेमध्ये तयार फळाला ती लावून वाऱ्याशी झुंज देता येत नाही. तसंच "पाऊस येतोय, आधीच बुरशीनाशक मारून घ्या" हाही सल्ला धुडकवा. रात्री धुऊन जाणार आणि काढणीच्या तोंडावर फळात अंश राहणार तो वेगळाच. तेच पैसे दोन जादा गड्यांना द्या.

बाकीची कामं, पहिल्या दोन दिवसांत

- माडावरचे तयार नारळ, सुकलेल्या झावळ्या, पोया उतरवणे
- दर्याकडच्या कलमांच्या सुकलेल्या, आडव्या फांद्या काढणे
- चर, व्हाळ, मोऱ्या मोकळ्या करणे. कलमांची आळी एका बाजूने फोडणे
- कोकम, आमसुलं, काजू बी पडवीत किंवा माळ्यावर
- पेंढा-गवत ताडपत्रीखाली, ताडपत्रीला दोरी
- भाताचं बियाणं कोरडं, उंचावर
- गुरं झाडाखाली बांधायची नाहीत
- पंप, स्टार्टर, केबल विहिरीवरून काढणे
- बागेचे आधीचे फोटो, तारखेसह

नवीन कलमांना आधाराची काठी देताना एक चूक सर्रास होते. वारा पश्चिमेकडून येणार असं धरून काठी एकाच अंगाला देतात. वादळ नैऋत्येला असताना आपल्याकडे वारा आग्नेयेकडून लागतो. ते समोर आलं की दक्षिणेकडून, पुढे सरकलं की नैऋत्येकडून. झाड आधी एका अंगाला वाकतं, मग दुसऱ्या, आणि ढिल्या मातीत मुळी सुटते. म्हणून तीन काठ्या, तीन बाजूंनी, आणि सुतळी सैल. नारळाच्या काथ्याची असली तर उत्तम.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचं केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असतं. नेटवर्क गेल्यावर हे फार कामाला येतं. वारा एकाएकी थांबला तर बाहेर धावू नका, डोळा डोक्यावर असू शकतो आणि दुसरा झोत उलट्या बाजूने येतो.

आणखी एक माझं. वारा जमिनीकडून, पाणी दिसायला शांत, पण रात्री गाज मोठी आणि दक्षिणेकडून येतेय, असं झालं की मी बातमीची वाट बघत नाही. लाट वादळाच्या पुढे धावते, पाण्याला वादळ आपल्या आधी कळलेलं असतं. मुंग्यांवर मात्र माझा भरवसा नाही, त्या दर मेमध्ये अंडी हलवतात.

ऑक्टोबरला भात असेल तर

२०१९ चं क्यार आठवा. रत्नागिरीच्या समोर समुद्रात वाढलं आणि ओमानच्या दिशेने वळलं. "गेलं, वाचलो" म्हणेपर्यंत त्याच्या पावसात कापलेलं भात वाफ्यात तरंगत होतं. शेतात पाणी काढायला वाट करा, कापलेलं बांधावर नाही, घरात न्या. आडव्या पडलेल्या, भिजलेल्या लोंब्यांना कोंब येऊ नयेत म्हणून ५ टक्के मिठाचं पाणी फवारा, लिटरला ५० ग्रॅम साधं मीठ. दुकानात यासाठी जे मिळतं त्याची किंमत विचारूसुद्धा नका.

वादळ गेल्यावर

तारा तपासल्याशिवाय बागेत पाऊल नाही. त्यानंतर आधी फोटो, मग साफसफाई. तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत पडलेलं झाड तोडून लाकडं विकून टाकलीत तर पंचनामा कशाचा करणार? विमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवा.

लहान कलम उपटलं असेल तर ऊन चढायच्या आत मुळांवर ओलं गोणपाट टाका, फांद्या निम्म्या छाटा, मग उभं करा. मोठं झाड अर्धं कलंडलं असेल आणि निम्मी मुळं मातीत असतील तर जेसीबीने ओढून सरळ करू नका. उरलेली मुळंही तुटतात. आहे तसं राहू द्या, भार हलका करा, उघड्या मुळांवर माती ओढा. मोडलेल्या फांद्यांचा काप करवतीने गुळगुळीत करून बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. माडाचा शेंडा साफ करून आणि सुपारीच्या घोसांवर उघडीप मिळताच १ टक्का बोर्डो, म्हणजे हेच दोन्ही किलो-किलो, पण पाणी १०० लिटर. प्लास्टिकच्या पिंपात करा, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात नको. तयार झाल्यावर घासलेला कोयता त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

खाली पडलेला सडका आंबा दोन-तीन फूट खड्ड्यात पुरा, नाहीतर फळमाशी पुढच्या मालावर बसते.

दर्याकडच्या बागांना वादळानंतर आठवडाभराने पानं करपल्यासारखी दिसतात. दुकानदार त्याला रोग म्हणेल. तो रोग नाही, खारा वारा आहे. वादळानंतर पाऊस लागून राहिला तर पानं आपोआप धुतली जातात. कोरडी उघडीप पडली तर पानं करपायची वाट न बघता वादळाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, पंप सुरू होत असेल तर, लहान कलमांवर विहिरीचं गोडं पाणी नुसतं उडवा. पानावर बोट फिरवून जिभेला लावून बघा, खारट लागलं तर अजून एकदा.