नव्या घरात टीव्ही-नेटचं कनेक्शन घेताय? या चुका टाळा

धुळ्याच्या देवपुरातून जळगावला पिंप्राळ्याकडे राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून सामान उतरायच्या आधीच मी मोबाईलवरून नेट बुक करून टाकलं होतं. जुन्या घरी तीच कंपनी तीन वर्षं छान चालली, मग पुन्हा कशाला विचार करायचा? इथं मात्र त्या कंपनीचा बॉक्स कॉलनीच्या बाहेर, मेन रोडवर होता. तिथून वायर आली ती दोन रिकाम्या प्लॉटवरून, कडुनिंबाच्या फांदीला गुंडाळून. मे महिन्याच्या पहिल्याच वादळात तुटली. टीव्हीही त्याच वायरवर घेतलेला, त्यामुळे नानांच्या संध्याकाळच्या बातम्या बंद आणि मुलीचा क्लासही बंद. वायर जोडायला माणूस आला पाचव्या दिवशी.

तेव्हापासून कोणी घर बदलतंय म्हटलं की मी आधी हेच सांगते: कंपनीचं नाव नंतर बघा, आधी आपल्या गल्लीत कोणाची वायर आहे आणि ती तुटली तर कोण येतो ते बघा.

"नेट कसं शे आठे?" एवढंच विचारणं

शेजाऱ्याला आपल्या अहिराणीत असं, म्हणजे "इथं नेट कसं आहे?" विचारलं की "बरं शे" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं? तक्रार केल्यावर माणूस त्याच दिवशी आला का? रात्री नऊ वाजता व्हिडिओ अडकतो का? गल्लीतल्या तीन घरी विचारलं तरी चित्र स्पष्ट होतं.

वेबसाइटवर पिनकोड टाकून "सेवा उपलब्ध" दिसलं म्हणून पैसे भरू नका. चोपडा-यावलकडे एका पिनकोडात कितीतरी गावं येतात. गावात बीएसएनएलचं फायबर बहुतेक वेळा स्थानिक भागीदार चालवतो. म्हणून एका गावात उत्तम आणि शेजारच्या गावात रडत चाललेलं, असं एकाच कंपनीचं होऊ शकतं.

फायबर घरापर्यंत येतं की कोपऱ्यापर्यंत?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि आपल्या भागात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी फायबर गल्लीच्या खांबापर्यंत असतं आणि पुढे घरात साधी लॅन केबल येते. खांबावरच्या स्विचला, म्हणजे घराघरात नेट वाटणाऱ्या डब्याला, वीज लागते. वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद. शिवाय केबल तांब्याची, त्यामुळे जवळपास वीज कडाडली की राउटर जळायची भीती. फायबर काचेचं असतं, त्यातून करंट येत नाही. थेट घरात आलेल्या फायबरला गल्लीत बहुधा विजेची गरजही नसते. तेव्हा घरच्या राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला की भारनियमनातही काम चालू राहतं. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर मात्र जुळवून बघा.

जाहिरातीतला आकडा

४९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटीसकट जवळपास ५८९ ला पडतो. वर राउटरचं डिपॉझिट, फिटिंगचे पैसे वेगळे असू शकतात, पावती घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं खरं, पण आधी एक महिना चालवून बघा. आम्ही सहा महिन्यांचे भरून बसलो होतो, म्हणून पाच दिवस गप्प बसावं लागलं.

५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५० एमबी नव्हे, साधारण सव्वासहा एमबी. चार माणसांच्या घराला तेवढं पुरतं.

टीव्ही

वडीलधारे घरात असतील तर टीव्ही आणि नेट एकाच वायरवर बांधू नका, हे माझं ठाम मत. नानांसाठी आम्ही नंतर डीडी फ्री डिश बसवली. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, महिन्याचं भाडं नाही, आणि सह्याद्री दिसतं.

जुनी डीटीएचची छत्री असेल तर टाकून देऊ नका, कंपनीकडे स्थलांतराची नोंद करा. बॉक्स दुसऱ्या कंपनीला मात्र चालत नाही. आपल्याकडून या छत्र्या आग्नेयेच्या अंगाला, म्हणजे दक्षिण आणि पूर्वेच्या मध्ये, बघतात. त्या बाजूला उंच इमारत किंवा झाड असेल आणि गच्चीवर जायची परवानगी नसेल, तर केबलच बरी. पॅक निवडताना चॅनलच्या किमतीसोबत नेटवर्क क्षमता शुल्कही, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोहोचवायचे वेगळे पैसे, विचारा. आधी २०० चॅनलपर्यंत १३० रुपये अशी कमाल मर्यादा होती. २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती काढली.

बंद पडलं तर

राउटरवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर सारखं बंद-चालू करून काही होत नाही, प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाहीये. कपाटामागे, खिडकीच्या चौकटीत वायर मुडपली आहे का बघा. आमच्याकडे दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा गादीच्या पेटीखाली वायर चेपली होती. पेटी चार बोटं सरकवली आणि लाल दिवा गेला. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. दिवे हिरवे असून नेट नसेल तर आधी रिचार्ज संपलाय का ते तपासा. माणूस आला की फायबरमधला प्रकाश मोजायच्या मीटरवरचा आकडा (डीबीएम) दाखवायला सांगा: उणे २० च्या आसपास चांगला, उणे २७ च्या पलीकडे गेला तर जोड पुन्हा करायला लावा.

गावाकडच्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड भिंती वाय-फाय अडवतात. राउटर ओसरीत नको, मधल्या खोलीत हवा, आणि हे ड्रिल चालण्याआधी सांगा.

तक्रार केली की नंबर लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

आणि जुन्या गावातला राउटर निघण्याआधीच परत करा, पावती घ्या, बँकेतला ऑटो-पे बंद करा. आम्ही हे विसरलो आणि फक्त डिपॉझिटसाठी परत धुळ्याला जावं लागलं.